कृष्णाकाठच्या गावी : एका जुन्या बंदुकीची पारख

आपल्याकडील प्रवासवर्णनांत तीर्थे, गड आणि लेणी यांस जेवढा मान मिळतो, तेवढा साध्या खेड्यांस मिळत नाही. ज्या गावी पाहण्यासारखे काही नाही असे सर्व म्हणतात, तेथे जाण्याचा योग आला म्हणजे आम्हांस मात्र विशेष आनंद होतो. अशाच एका गावी गेल्या मार्गशीर्षात आम्ही तीन दिवस राहून आलो. त्या मुक्कामात एका जुन्या लष्करी बंदुकीची पारख जवळून पाहावयास मिळाली. तो विषय आमच्या व्यवसायापासून फार दूरचा; परंतु त्यातून जे शिकावयास मिळाले ते घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

गाव सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याच्या बाजूस, कृष्णेच्या काठी आहे. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीने आम्ही निघालो. मोटाररस्त्याने खंबाटकीचा घाट ओलांडून लवकर पोहोचता येते हे खरे. परंतु या लोहमार्गाची मौज निराळी. जेजुरीच्या डोंगरावरील खंडोबाचे देवालय खिडकीतून दिसते, नीरा ओलांडली की लोणंद येते, आणि पुढे सालपे-आदर्कीचा घाट चढून गाडी वाठारच्या माळावर येते. तेथून चंदन-वंदन ही गडांची जोडी दृष्टीस पडते. मग जरंडेश्वराचा डोंगर, शाळूची उभी शेते, आल्याच्या सऱ्या, आणि त्या भागाचा प्रसिद्ध वाघ्या घेवडा.

आमच्या समवेत आमचे एक जुने विद्यार्थी होते. त्यांनी लष्करात शस्त्रदुरुस्तीचे काम अनेक वर्षे केले व हवालदार होऊन ते निवृत्त झाले. त्यांस तेथे आर्मरर म्हणत. गावातील एका प्रतिष्ठित मराठा घराण्याने त्यांस बोलाविले होते, आणि "गुरुजी, तुम्हीही चला, हवापालट होईल" असा त्यांचा आग्रह पडल्यामुळे आम्ही निघालो होतो.

गावाच्या वेशीजवळ, मारुतीच्या देवळाच्या भिंतीत एक दगडी पाटी बसविलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गावातून किती पुरुष गेले व त्यांपैकी किती कामास आले, एवढाच मजकूर तीवर कोरला आहे. अशा पाट्या सातारा व रत्नागिरी या जिल्ह्यांतील पुष्कळ गावी आढळतात. नावे कोणाचीच नाहीत, केवळ आकडे. ग्रामपंचायतीने या पाटीशेजारी एक लहानसे दालन बांधले असून त्यात गावातील सैनिकांच्या आठवणी ठेवावयाच्या आहेत. आमच्या यजमानांचे पणजोबा त्या युद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियास गेले होते आणि कुतच्या वेढ्यात सापडले होते. त्यांची म्हणून घरात जपलेली बंदूक दालनात ठेवावी, आणि तीखाली "कुतच्या वेढ्यात लढलेली बंदूक" असे संगमरवरावर कोरावे, असे ठरले होते. कोरणाऱ्यास विसारही देऊन झाला होता. तत्पूर्वी जाणत्याच्या नजरेखालून वस्तू जावी, एवढ्याकरिता आमच्या विद्यार्थ्यास बोलावणे होते.

कुतची हकीगत नव्या पिढीस फारशी ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने गेली. टेसिफोन येथे नोव्हेंबर १९१५ मध्ये तिला अडविण्यात आले, आणि मागे हटून डिसेंबरात ती कुत-अल-अमारा या गावी कोंडली गेली. या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपत आले, घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती गेली. कैदेत व कैदेच्या वाटेवर त्यांतील हजारो मेली. जे परतले त्यांत आमच्या यजमानांचे पणजोबा होते.

दुसरे दिवशी सकाळी ओसरीवर घोंगडी अंथरून तीवर बंदूक आणून ठेवण्यात आली. घरातील लहानथोर सारे जमले. आमच्या विद्यार्थ्याने प्रथम मुलांस मागे सारले, बंदुकीचे तोंड भिंतीकडे केले, बोल्ट मागे ओढून नळीच्या मुखात बोट घालून पाहिले, आणि ती रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच पुढील कामास आरंभ केला. "बंदूक रिकामी आहे असे कोणी सांगितले तरी ती भरलेली आहे असे समजावे," असे ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितले की ही लहान नळीची ली-एन्फिल्ड, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली थ्री नॉट थ्री होय. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडात जन्मलेल्या कल्पक कारागिराची बोल्टाची रचना आणि इंग्लंडातील एन्फिल्ड येथील सरकारी कारखान्याची नळी, यांवरून हे जोडनाव पडले. या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना १९०७ साली मंजूर झाला. एकंदर लांबी सुमारे साडेचव्वेचाळीस इंच, नळी पंचवीस इंचांहून किंचित अधिक, वजन चार किलोच्या आसपास, आणि पोटाखालच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसे. बोल्ट थोडासाच उचलावा लागतो आणि तो पुढे ढकलतानाच आतील कमान ताणली जाते. त्यामुळे सराव असलेला शिपाई मिनिटास पंधरा नेमके बार काढू शके. नळीचे तोंड व पुढचे लाकूड एका लोखंडी टोपीत बसविलेले असते. त्या बोथट तोंडावरून ही जात दुरूनही ओळखता येते.

"परंतु या बंदुकीस ती टोपी कोठे आहे?" असे आम्ही विचारले. टोपी नव्हतीच. पुढचे लाकूड अर्ध्यावर कापलेले होते, आणि कापाच्या जागी करवतीच्या खुणा स्पष्ट होत्या. "हे कारखान्याचे काम नव्हे," विद्यार्थी म्हणाले, "हे गावच्या सुताराचे. वजन कमी व्हावे म्हणून पुष्कळ लोक असे करवून घेतात."

नंतर त्यांनी दस्त्याच्या मानेवरील लोखंडी कडे ओल्या फडक्याने पुसले. उजव्या अंगास मुकुट, त्याखाली जी. आर. आय. ही बादशहाची आद्याक्षरे, त्याखाली इशापूर हे नाव आणि १९१८ हा आकडा उमटून आला. इशापूर हे कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी आहे. तेथे कंपनी सरकारने अठराव्या शतकाच्या अखेरीस दारूचा कारखाना काढला होता. १९०४ साली त्या जागी बंदुकांचा कारखाना उभा राहिला.

तो आकडा वाचताच यजमानांचा चेहरा उतरला, कारण हिशेब करण्यास कोणाची गरज नव्हती. कुत पडले १९१६ साली आणि बंदूक घडली १९१८ साली. तरीही ते म्हणाले, "गुरुजी, आकडा मागून ठोकला नसेल कशावरून?" शंका गैर नव्हती. दुरुस्तीच्या वेळी असे शिक्के पडतात हे खरे आहे. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने सांगितले की, कारखान्यात सबंध दुरुस्ती झाली तर त्याचा निराळा शिक्का व निराळे साल पडते; मूळ साल पुसून नवे घालण्याची पद्धत नाही. शिवाय आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्या. शिपायाची बंदूक ही शिपायाची नसते, सरकारची असते. ती कोतात जमा करून मगच तो घरी येतो. आणि कुतचे सैन्य तर शरण गेले होते. शरण जाण्यापूर्वी तोफा फोडून टाकण्यात आल्या आणि उरलेली शस्त्रे शत्रूच्या हाती गेली. कैदेतून परतलेला मनुष्य खांद्यावर बंदूक टाकून कसा येईल?

यावर कोणास उत्तर नव्हते. पण मग ही बंदूक या घरी आली कोठून?

त्याचा शोध घेताना जी रीत आम्ही पाहिली ती आम्हांस ओळखीची वाटली. जुन्या पोथीचा पाठ निश्चित करताना पंडित मंडळी हेच करतात. मूळ लेखकाचा हात कोणता, दुरुस्त्या कोणाच्या, समासातील टीप पुढे पाठात केव्हा शिरली, पुष्पिकेत शक कोणता दिला आहे, आणि कागद व शाई त्या शकाशी जुळतात की नाही, हे सर्व निरनिराळे करून पाहावे लागते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती याच पद्धतीने सिद्ध केली. ही बंदूकही तशीच अनेक हातांतून गेलेली पोथी होती. आमच्या विद्यार्थ्यांनी तिचे थर एकेक करून उलगडले ते येणेप्रमाणे.

पहिला थर इशापूरचा, १९१८ चा. दुसरा थर नळीत सापडला. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली असता आत गुळगुळीत चकाकी दिसली. थ्री नॉट थ्रीच्या नळीत डाव्या अंगास वळत गेलेले पाच आटे असतात. त्यांच्यामुळे गोळी फिरत जाते व दूरवर नेमकी लागते. येथे ते आटे मुळीच नव्हते. नळी कोरून रुंद केलेली होती. मॅगझिनमध्ये पाहावे तो लाकडाचा ठोकळा बसविलेला. म्हणजे एका वेळी एकच काडतूस हाताने घालावयाचे. आणि लोखंडावर ४१० हा आकडा होता. "ही आता रायफल नव्हे," ते म्हणाले, "ही चारशे दहाची मस्केट. लष्करातून काढलेल्या रायफली अशा रीतीने बदलून पोलिसांस व पहारेकऱ्यांस देत असत."

तसे का करीत, हे विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही विचारात पडलो. अशा बंदुकीचा पल्ला थोडा. ती चोरीस गेली तरी लष्करी रायफलीचे काम तिच्याकडून होत नाही, आणि लष्करी काडतूस तीत चालत नाही. तिचे काडतूस निराळे, थ्री नॉट थ्रीचेच कवच पण मान न आवळलेले. १८५७ नंतर या देशातील लोकांच्या हाती शस्त्र कितपत द्यावे याची धास्ती परकीय सरकारास सतत असे. १८७८ चा शस्त्रांचा कायदा त्याच धास्तीचे अपत्य. ज्याच्याकडून पहारा करवून घ्यावयाचा त्याच्या हाती बंदूक तर द्यावी, परंतु तिचे तेज काढून घ्यावे, असा तो व्यवहार होता.

तिसरा थर बोल्टाचा. बोल्टाच्या दांड्यामागील क्रमांक आणि नळीच्या बैठकीवरील क्रमांक एक असावा लागतो, कारण प्रत्येक बोल्ट त्या त्या बंदुकीस घासून बसविलेला असतो. येथे दोन निराळे क्रमांक होते. म्हणजे बोल्ट दुसऱ्याच बंदुकीचा. दिसावयास तो चपखल बसला तरी काडतुसाचे बूड आणि बोल्टाचे तोंड यांतील अंतर मापकाने तपासल्यावाचून असल्या बंदुकीतून बार काढणे म्हणजे स्वतःच्या डोळ्यांशी खेळणे होय, असे त्यांनी निक्षून सांगितले. चौथा थर लाकडाचा. पुढच्या लाकडात आरपार एक आडवा मजबुतीचा स्क्रू होता. ही हिंदुस्थानातील दुरुस्तीची खूण. आणि पाचवा थर तो करवतीचा, अर्थात घरचा.

आता कागद पाहावयाचे राहिले. यजमानांनी पत्र्याच्या पेटीतून परवान्याचे जुने पुस्तक काढले. त्यात यजमानांच्या आजोबांचे, म्हणजे कुतला गेलेल्या पणजोबांच्या मुलाचे नाव, १९४९ साल, कारण म्हणून शेतीच्या पिकांचे रक्षण, आणि शस्त्राच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत "चारशे दहा मस्केट" असे लिहिलेले होते. सोबत एक पावती होती. शेजारच्या संस्थानाचे १९४८ च्या मार्चात विलीनीकरण झाल्यावर तेथील पोलिसांकडील जुन्या बंदुका निघाल्या, त्यांतील ही एक. सत्तराहून अधिक वर्षे हे पुस्तक घरात होते, नूतनीकरणासाठी दर वेळी कचेरीत जात होते, परंतु तो रकाना कोणी वाचला नव्हता. घरातील कागद जपावयाचे असतात एवढे आपण जाणतो. ते वाचावयाचेही असतात, याचा विसर पडतो.

इतका वेळ यजमानांच्या मातोश्री, नव्वदी गाठलेल्या, उंबऱ्यापाशी बसून सारे ऐकत होत्या. त्या १९५० च्या सुमारास सून म्हणून या घरी आल्या, तेव्हा त्यांचे आजेसासरे हयात होते. आमच्या विद्यार्थ्याने त्यांस नम्रपणे विचारले, "आजी, म्हातारबाबांनी ही बंदूक कधी चालवलेली आठवते का?"

आजीबाई म्हणाल्या, "त्यांनी? त्यांनी तिला कंदी हात लावला न्हाई. रानात डुकरं आली की मामंजी बंदूक घेऊन जायचे. म्हातारबाबा ती भिताडाला दिसली की तोंड फिरवून बसायचे. लढाईची गोष्ट सांगा म्हटलं की म्हणायचे, भाकरी मिळती नव्हं, मग ऱ्हाऊ द्या."

ओसरीवर कोणी बोलेना. पुढे यजमानांनीच विचारले, "आई, हे तू आजवर सांगितलं नाहीस?" त्यावर त्या म्हणाल्या, "मला कुनी इचारलंच न्हाई."

मग आजीबाई उठल्या, देवघरात गेल्या, आणि तांदळाच्या डब्याआडची एक लहान लाकडी पेटी घेऊन आल्या. तीत कापडात गुंडाळलेले चांदीचे एक पदक होते. १९७२ च्या दुष्काळात घरातील चांदी मोडली, तेव्हा हे मात्र त्यांनी मोडू दिले नव्हते. आमच्या विद्यार्थ्याने पदक हाती घेतले, बादशहाच्या मुखवट्याकडे पाहिलेही नाही. एकदम कडेवर भिंग धरले. पहिल्या महायुद्धाच्या या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटविलेली असते. झिजलेली इंग्रजी अक्षरे त्यांनी एकेक करून वाचली. क्रमांक होता. शिपाई हा हुद्दा होता. म्हातारबाबांचे नाव होते, इंग्रजाने आपल्या उच्चाराप्रमाणे वेडेवाकडे लिहिलेले, तरी ओळखू येणारे. आणि मराठा पलटण होती. यजमानांच्या डोळ्यांत पाणी आले. ज्या पुराव्याकरिता बंदूक पुढे केली होती, तो पुरावा नैवेद्याच्या भांड्यांशेजारी तसाच पडून होता.

राहिला प्रश्न मोलाचा. सायंकाळी नदीच्या घाटावर बसलो असता यजमानांनी तो काढलाच. आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर असे की, जुन्या बंदुकीचे मोल तीन प्रकारांनी करावे. एक वापराचे, ते येथे शून्य, कारण बोल्ट परका आहे. दुसरे संग्रहाचे. कारखान्याने केलेले रूपांतर हा स्वतंत्र नमुनाच असतो, त्याने मोल जात नाही. सुताराच्या करवतीने मात्र जाते, कारण कापलेले लाकूड पुन्हा येत नाही. म्हणून जुन्या वस्तूस नवे रूप देण्यापूर्वी शंभर वेळा विचार करावा. गंज काढण्यासाठी घासून चकचकीत करणे, शिक्के पुसतील इतके कानस लावणे, वर रंग देणे, ही सर्व मोल घालविण्याची साधने होत. तिसरे मोल आठवणीचे, आणि ते आठवण खरी असेल तितकेच.

कायद्याची गोष्टही त्यांनी सांगून ठेवली. थ्री नॉट थ्री हे आपल्या देशात निषिद्ध बोअर आहे; सामान्य नागरिकास त्याचा परवाना मिळत नाही. म्हणूनच इशापूरच्या कारखान्याने नागरिकांकरिता तीनशे पंधराची निराळी रायफल काढली. घरात असे जुने शस्त्र आढळल्यास ते स्वतः उघडू नये, विकू नये, लपवूही नये. परवान्याचे कागद घेऊन पोलिस ठाण्यास कळवावे. सार्वजनिक दालनात ठेवावयाचे तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने ते रीतसर निकामी करून घ्यावे लागते. यजमानांनी तसा अर्ज करावयाचे ठरविले.

तिसरे दिवशी पाटीच्या मजकुरासाठी बैठक बसली. तरुण मंडळींपैकी एकाने सुचविले की, संगमरवराचा विसार दिलाच आहे, बाहेरच्यास काय कळणार, मूळ मजकूरच राहू द्यावा. आम्ही काही म्हणण्यापूर्वीच आजीबाई आतून म्हणाल्या, "खोटं लिवू नगा. त्यांनी भोगलं ते खरं हाय, तेवढं पुरे." त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. मजकूर नव्याने लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. पदकाखाली म्हातारबाबांचे नाव, क्रमांक, पलटण आणि "कुतच्या वेढ्यातून व कैदेतून परत आले" एवढेच शब्द घातले. बंदुकीकरिता परवानगी मिळेल तेव्हा लावावयाची निराळी पाटी केली : "इशापूर येथे १९१८ साली घडलेली रायफल, पुढे पोलिसांकरिता मस्केट केलेली, १९४९ पासून या गावी पिकांच्या राखणीस." यजमानांनी दोन्ही मजकूर दोनदा वाचले, आणि मग स्वतःच्या हाताने कोरणाऱ्यास देऊन आले.

या जातीच्या बंदुकीने आपल्या देशात फार दीर्घ सेवा केली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनानंतर तिला निरोप दिला. आता ती संग्रहालयांत, कवायतीच्या मैदानांवर आणि क्वचित एखाद्या वाड्याच्या भिंतीवर दिसते. अशा भिंतीवरील बंदुकीविषयी, तलवारीविषयी किंवा पानदानाविषयी घरात जी कथा चालत आलेली असते, ती बहुधा कोणी लबाडीने रचलेली नसते; दोन खऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळून तिसरी तयार होते. त्या दोन खऱ्या गोष्टी निराळ्या करावयाच्या तर वस्तूवरील शिक्के पाहावे, पेटीतील कागद वाचावे, आणि घरात जे सर्वांत वृद्ध माणूस असेल त्यास ते बोलू शकते आहे तोवर विचारून घ्यावे.